एक फेज गेला की मोटार का जळते? इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकू पाहणाऱ्यांसाठी

मी आठवीत होतो तेव्हा आमच्या विहिरीवरची साडेसात एचपीची मोटार जळाली. रात्रपाळीची लाईट होती. उसाला पाणी लावून आबा बांधावर बसले होते. मध्येच मोटारीचा आवाज बदलला, जरा जड झाला, पण पाणी येत होतं म्हणून त्यांनी ती बंद केली नाही. थोड्या वेळाने वार्निश जळाल्याचा वास आला आणि मोटार थांबली. दुसऱ्या दिवशी ट्रॉलीत घालून ती तालुक्याला रिवाइंडिंगच्या दुकानात नेली. दुकानातल्या काकांनी झाकण उघडलं, आत डोकावले आणि म्हणाले, "आबा, फेज गेला होता. मोटार दोनवर चालली."

डीपीवरचा, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवरचा, एक फ्यूज गेला होता, ही गोष्ट आम्हाला सकाळी कळली होती. पण काकांना ती कुणी सांगितली नव्हती. मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? त्यांनी आतल्या कॉइलींचे तीन गट बोटाने दाखवले. दोन गट तसेच तांबूस होते, एक काळाठिक्कर. "तिन्ही काळे असते तर लोड जास्त झालं म्हटलं असतं. एकच काळा आहे, म्हणजे फेज."

असं का होतं, याचं उत्तर मला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी मिळालं. बारावीनंतर इलेक्ट्रिकलला जाऊ का, असं कुणी विचारलं की मला ती मोटार आठवते, कारण चार वर्षांत जे शिकवतात त्यातलं बरंचसं तिच्यातूनच समजावता येतं.

आधी तीन फेज म्हणजे काय ते पाहू. उसाच्या रसाचा जुना लाकडी चरक डोळ्यासमोर आणा. एकच माणूस दांडा ओढत असेल तर त्याचा जोर कधी पूर्ण लागतो, कधी सुटतो, आणि चरक हिसके देत फिरतो. तीन माणसं सारख्या अंतरावर उभी राहिली आणि एकापाठोपाठ एक जोर लावू लागली, तर चरकाला सतत सारखाच जोर मिळतो. आपल्याकडचा वीजदाब सेकंदाला ५० वेळा वरखाली होतो. तीन तारांमधला हा चढउतार एकमेकांपासून एक-तृतीयांश फेऱ्याने मागेपुढे असतो. मोटारीत कॉइलींचे तीन गट गोलाकार बसवलेले असतात. त्यांतून हे तीन प्रवाह गेले की आत एक चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि ते गोल फिरतं. तार, ब्रश असं काहीही न जोडता ते मधल्या रोटरला आपल्यामागे ओढत नेतं. इटलीत गॅलिलिओ फेरारिस आणि अमेरिकेत निकोला टेस्ला या दोघांनी ही कल्पना स्वतंत्रपणे १८८८ साली जाहीर केली. महाराष्ट्रातल्या विहिरींवर आज चालणाऱ्या बहुतेक थ्री फेज मोटारी त्याच तत्त्वावर चालतात.

आता एक फेज काढून घ्या. मोटार थांबलेली असेल तर ती सुरूच होत नाही, नुसती घुमत राहते. पण फिरत असताना फेज गेला, तर ती फिरत राहते आणि नेमका धोका इथेच आहे. विहिरीतून पाणी उचलायला लागणारी शक्ती तेवढीच असते आणि ती द्यायला आता तीनऐवजी दोनच तारा उरलेल्या असतात. साडेसात एचपीच्या मोटारीला पूर्ण लोडवर साधारण ११ अँपियर लागतात. फेज गेल्यावर उरलेल्या दोन तारांतला प्रवाह १.७३ पट, म्हणजे १९ अँपियरच्या आसपास जातो. आमची मोटार डेल्टा जोडणीत चालत होती, म्हणजे तिचे तिन्ही गट त्रिकोणासारखे टोकाला टोक जोडलेले होते. त्या जोडणीत हा वाढीव प्रवाह तिन्ही गटांत सारखा वाटला जात नाही. एका गटात तो नेहमीच्या दुप्पट होतो आणि उरलेल्या दोघांत जवळजवळ पूर्वीइतकाच राहतो. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. दुप्पट प्रवाह म्हणजे चौपट उष्णता, म्हणून एकच गट जळतो. मोटार स्टार जोडणीत, म्हणजे तिन्ही गटांचं एकेक टोक एकाच बिंदूत बांधलेलं, अशी असती तर दोन गट काळे दिसले असते आणि एक कोरा राहिला असता. काका कॉइलींच्या रंगावरून जे वाचत होते, त्याच्यामागचं गणित हे.

चार वर्षांत काय शिकवतात

पहिलं वर्ष सगळ्या शाखांना जवळपास सारखंच असतं. खरी सुरुवात दुसऱ्या वर्षी होते, आणि मुलं गळपटतात तीही तिथेच. नेटवर्क ॲनालिसिस, मशीन्स, मेजरमेंट, इलेक्ट्रॉनिक्स, जोडीला एम-३, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर. अकरावीत घोकलेल्या संमिश्र संख्या इथे एकदम कामाला येतात. वजा एकचं वर्गमूळ म्हणजे i, हे तेव्हा शिकलेलो असतो. इलेक्ट्रिकलवाले त्याला j म्हणतात, कारण i हे अक्षर प्रवाहासाठी आधीच घेतलेलं आहे. सतत वरखाली होणाऱ्या लाटांची बेरीज कागदावर करणं फार किचकट असतं. त्या लाटेला लांबी आणि कोन असलेला बाण मानलं की तेच काम साध्या बेरीज-गुणाकारावर येतं. ही युक्ती ज्याला नीट समजली त्याला पुढची तीन वर्षं जड जात नाहीत. ज्याने फक्त सूत्रं पाठ केली, त्याला प्रत्येक सेमिस्टरला तोच विषय नव्या नावाने परत भेटतो.

प्रवेश घेण्यापूर्वी एक गोष्ट स्वतःला विचारायला हवी. वीज डोळ्यांना दिसत नाही. मेकॅनिकलच्या मुलाला गिअर हातात धरता येतो, सिव्हिलच्या मुलाला बीमला गेलेली चीर दिसते. आपल्याकडे जे काही आहे ते मीटरचा काटा, स्क्रीनवरची लाट आणि कागदावरचं गणित यांतूनच बघायचं असतं. न दिसणाऱ्या गोष्टीचा पक्का हिशेब मांडण्यात ज्याला आनंद वाटतो, त्याने ही शाखा जरूर घ्यावी. कॉम्प्युटर मिळालं नाही म्हणून आलेली मुलंही इथे रमलेली मी पाहिली आहेत, पण तो आनंद त्यांना दुसऱ्या वर्षाच्या आत सापडला होता.

तिसऱ्या वर्षी पॉवर सिस्टीम, कंट्रोल सिस्टीम आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्स हे विषय येतात. माझी मोटार मला भेटली ती पॉवर सिस्टीमच्या तासाला. चार्ल्स फोर्टेस्क्यू या अभियंत्याने १९१८ साली दाखवून दिलं, की तीन फेज कितीही असमतोल असले तरी त्यांची फोड समतोल अशा तीन संचांत करता येते. त्यातला एक संच मोटारीला सरळ फिरवू पाहतो, दुसरा उलट दिशेने फिरवू पाहतो आणि तिसऱ्याचे तिन्ही बाण एकाच दिशेला असतात. एक फेज गेला की तो उलटा संच एकाएकी मोठा होतो. म्हणजे त्या रात्री आमच्या मोटारीत दोन फिरती क्षेत्रं होती, एक तिला पुढे ओढत होतं आणि दुसरं मागे. आबांना ऐकू आलेला जड आवाज हा त्यांच्या झटापटीचा होता. फळ्यावर ते समीकरण सुटलं तेव्हा मला वार्निशचा वास आल्यासारखं वाटलं.

शेवटच्या वर्षी स्विचगिअर अँड प्रोटेक्शन हा विषय असतो. फेज गेलाय हे ओळखून मोटार काही सेकंदांत बंद कशी करायची, हे तिथे शिकवतात. शेतातल्या स्टार्टरच्या पेटीत बसवायचा छोटा सिंगल फेज प्रिव्हेंटर आणि ४०० केव्ही (किलोव्होल्ट, म्हणजे हजार व्होल्ट) उपकेंद्रातला मोठा रिले एकाच कुळातले. दोघेही सतत मोजमाप करतात, बिघाड ओळखतात आणि तेवढाच भाग तोडून बाकीचं चालू ठेवतात. मला स्वतःला हा विषय सगळ्यांत सुंदर वाटतो.

मशीन लॅबबद्दलही सांगायला हवं. डिमरस्टॅट हळूहळू फिरवत दाब वाढवायचा, टाँग टेस्टर लावून करंट बघायचा, मेगरने इन्सुलेशन तपासायचं, ही कामं स्वतःच्या हाताने करा. गटातला एक जण जोडणी करतो, बाकीचे रीडिंग उतरवून घेतात आणि सबमिशन पूर्ण होतं, असं सर्रास चालतं. त्यातून निघालेल्या इंजिनिअरला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात पॅनेलचं दार उघडायची भीती वाटते.

प्रवेशाचे रस्ते

महाराष्ट्रात बारावी विज्ञाननंतर एमएचटी-सीईटी आणि तिच्या कॅप (केंद्रीय प्रवेश) फेऱ्या हा मुख्य रस्ता. आयआयटी मुंबई किंवा नागपूरचं व्हीएनआयटी हवं असेल तर जेईई. दहावीनंतर डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येता येतं आणि इलेक्ट्रिकलसाठी मला हा रस्ता फार चांगला वाटतो, कारण त्या मुलांचे हात आधीच वायरींना सरावलेले असतात. त्यांना अडवतं ते गणित. डिग्रीला येण्याआधीच्या सुट्टीत त्यांनी कॅल्क्युलस पक्कं करून घ्यावं. पुण्याचं सीओईपी १८५४ पासूनचं, माटुंग्याचं व्हीजेटीआय १८८७ पासूनचं, सांगलीचं वालचंद १९४७ पासूनचं. अशा जुन्या कॉलेजांत यंत्रशाळा आणि माजी विद्यार्थी यांचा आधार मिळतो. दुसरीकडे जात असाल तर इमारतीआधी मशीन लॅब बघा आणि तिथल्या मोटारी चालू आहेत का ते विचारा.

शाखांच्या नावांतही गोंधळ होतो. आपल्याकडच्या बहुतेक कॉलेजांत इलेक्ट्रिकल आणि ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) वेगळ्या आहेत. ढोबळ मानाने इलेक्ट्रिकल ऊर्जा वाहून नेण्याचं शास्त्र आहे आणि ईएनटीसी माहिती वाहून नेण्याचं. आयआयटी मुंबईत मात्र इलेक्ट्रिकल या एकाच नावाखाली चिप डिझाइन, कम्युनिकेशन आणि पॉवर हे सगळं येतं. नाव वाचून ठरवू नका, अभ्यासक्रम वाचा.

डीपीपासून ग्रिडपर्यंतची कामं

विहिरीवरून तारेच्या मागे चालत गेलं की या शाखेतली कामं ओळीने भेटतात.

पहिली भेटते डीपी. ती ११ केव्हीचा दाब ४३३ व्होल्टपर्यंत उतरवते. ती १०० केव्हीए क्षमतेची असेल आणि तिच्यावर मंजुरीपेक्षा जास्त मोटारी असतील, त्यांतल्या बऱ्याच ऑटोस्विचवर असतील, तर लाईट आल्याआल्या सगळ्या एकदम सुरू होतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट खेचते. डीपी वारंवार का जळते, हे गावातल्या माणसाला एवढ्यावरून कळेल. मोटारीला योग्य कपॅसिटर लावला तर तारांतला करंट कमी होतो, दाब सुधारतो. हे लोकांना पटवून देणं, फीडर (उपकेंद्रातून निघणाऱ्या लाईनी) वेगळे करणं, गळती शोधणं, ही महावितरणच्या अभियंत्याची रोजची कामं. पूर्वीचं एकच वीज मंडळ २००५ साली महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण यांत विभागलं गेलं. तिन्हीकडे डिप्लोमा आणि डिग्रीवाल्यांसाठी वेगवेगळ्या पातळ्यांवर भरती होते.

या कामात जीव गुंतलेले असतात, हे मुलांना कॉलेजात पुरेसं सांगितलं जात नाही. लाईनमन खांबावर चढण्याआधी उपकेंद्रातून परमिट घेतो, लाईन बंद करून अर्थिंग लावतो. तरीही एखाद्याने चेंजओव्हर स्विच न बसवता जनरेटर घरच्या वायरिंगला जोडलेला असेल, तर वीज उलटी डीपीत शिरते आणि तीच डीपी ४०० व्होल्टचे पुन्हा ११,००० करते. बंद समजलेली तार जिवंत होते. अभियंत्याने परमिटवर केलेली सही म्हणजे वर चढलेल्या माणसाला दिलेला शब्द असतो.

डीपीच्या मागे उपकेंद्र आणि त्याच्या मागे उंच मनोरे. दाब दसपट केला की तेवढीच वीज न्यायला प्रवाह दहावा हिस्सा लागतो आणि तारेत उष्णता होऊन वाया जाणारी वीज शंभरावा हिस्सा उरते. म्हणून तर २२० आणि ४०० केव्ही. चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटरची लाईन अधिक-उणे ५०० केव्हीच्या डीसी दाबावर १५०० मेगावॅट आणू शकते. कोळसा विदर्भात आणि मागणी मुंबई-पुण्याकडे, त्यामधला हा पूल. एसीचं डीसी आणि पुन्हा एसी करायला तिच्या दोन्ही टोकांना थायरिस्टर नावाचे इलेक्ट्रॉनिक स्विच आहेत, म्हणजे तिसऱ्या वर्षीचं पॉवर इलेक्ट्रॉनिक्सच.

आणि सगळ्याच्या मुळाशी ग्रिड. ग्रिडमध्ये वीज साठून राहत नाही, जेवढी वापरली जाते तेवढीच त्या क्षणी तयार व्हावी लागते. मागणी वाढली की जनित्रं किंचित मंदावतात आणि वारंवारता ५० हर्ट्‌झच्या खाली येते. ती ४९.९० ते ५०.०५ मध्ये राखायची, हे काम भार प्रेषण केंद्रांतले अभियंते चोवीस तास करतात. राज्याचं केंद्र ठाणे-बेलापूर रस्त्यावर आहे. संध्याकाळी घराघरांत दिवे लागले की कोयनेची जनित्रं उपयोगी पडतात. १९६० मेगावॅटचा हा प्रकल्प काही मिनिटांत भार उचलू शकतो, औष्णिक संचाला थंड अवस्थेतून यायला कित्येक तास लागतात. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर आणि पूर्व भारत अंधारात गेला. सुरुवात बिना-ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची लाईन ट्रिप होण्यापासून, म्हणजे आपोआप बंद पडण्यापासून झाली. ३१ तारखेला ६० कोटींहून जास्त लोक राहतात त्या प्रदेशाची वीज गेली. आपली पश्चिम ग्रिड तेव्हा टिकली. १२ ऑक्टोबर २०२० ला मात्र वीज गेली आणि मुंबईने लोकल थांबलेल्या पाहिल्या. अशा घटनेनंतर कोणता रिले कितव्या मिलिसेकंदाला चालला, याचा नकाशा काढत बसणारे लोक असतात. मला आमच्या रिवाइंडिंगच्या काकांचं आणि त्यांचं काम एकच वाटतं.

सौर आणि पवन ऊर्जेमुळे ही ओढाताण अवघड होत चालली आहे. ढग आला की सौर प्रकल्पाची वीज घसरते, सूर्य मावळतो तेव्हाच मागणी चढते. शिवाय सौर पॅनेलमागे फिरतं जड चाक नसतं. मोठ्या जनित्राचं वजन धक्का सोसून घेतं, पॅनेलच्या डीसीचं एसी करणाऱ्या इन्व्हर्टरला ते सॉफ्टवेअरने करावं लागतं. बॅटरी, ग्रिड स्थिर ठेवणारे इन्व्हर्टर, मागणीचा अंदाज यांत पुढची बरीच वर्षं काम आहे. आज दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलाने इथे लक्ष द्यावं असं मी आग्रहाने सांगेन. थोडं पायथॉन आणि पक्कं पॉवर इलेक्ट्रॉनिक्स अशी जोडी असलेला माणूस शोधावा लागतो.

बाकीची क्षेत्रं थोडक्यात. रेल्वेत ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची गाडी १५०० व्होल्ट डीसीवर धावली. आता २५ केव्ही एसी आहे, आणि ओव्हरहेड तारांची जबाबदारी टीआरडी (ट्रॅक्शन डिस्ट्रिब्यूशन) विभागाची. तिथे यूपीएससीची अभियांत्रिकी सेवा परीक्षा किंवा रेल्वे भरती मंडळाच्या परीक्षांतून जाता येतं. गेट परीक्षेतून एम.टेक.चा रस्ता मिळतो, शिवाय काही सरकारी कंपन्या तिच्या गुणांवर भरती करतात. नाशिकचं सातपूर-अंबड, कळवा, अहिल्यानगर या पट्ट्यांत स्विचगिअर आणि मोटारी बनतात. पुणे-चाकणला विजेवरच्या गाड्यांचे मोटार कंट्रोलर आणि बॅटरीची व्यवस्था. नवी मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये एक क्षणही वीज जाऊ न देणं हेच काम. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची परीक्षा देऊन ऊर्जा लेखापरीक्षक होता येतं, आणि लायसन्स घेऊन स्वतःचं कंत्राटाचं कामही.

पगाराबद्दल स्पष्ट सांगतो. कोअर क्षेत्रातली पहिली नोकरी बऱ्याचदा आयटीपेक्षा कमी पैशांची असते आणि साइट गावाबाहेर असते. घरी कर्जाचा हप्ता असेल तर आयटीत गेलेल्याला मी नावं ठेवणार नाही. पण पाच-सात वर्षं प्रोटेक्शन किंवा डिझाइनमध्ये घालवलेला अभियंता सहजासहजी बदलता येत नाही.

मुलींच्या पालकांना साइटची काळजी वाटते. त्यांना मी ए. ललिता यांच्याबद्दल सांगतो. पंधराव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी वैधव्य, पदरी चार महिन्यांची मुलगी. त्यांनी मद्रासच्या गिंडी कॉलेजातून १९४३ साली इलेक्ट्रिकलची पदवी घेतली आणि पुढे कलकत्त्याला राहून पारेषण वाहिन्या आणि उपकेंद्रांचे आराखडे केले. भाक्रा-नांगलच्या कामातही त्यांचा वाटा होता.

प्रवेशाचं ठरत असेल तर या सुट्टीत एक मल्टिमीटर घ्या आणि जवळच्या रिवाइंडिंगच्या दुकानात आठ दिवस बसायची परवानगी मागा. जळालेली मोटार उघडली की काळे झालेले गट मोजा. एक असेल तर जोडणी कोणती आणि दोन असतील तर कोणती, ते आधी स्वतः सांगा आणि मगच दुकानदाराला विचारा.